जुना वाडा विकताना: खानदेशातील मालकांसाठी किंमत ठरवण्यापासून खरेदीखतापर्यंतचे मार्गदर्शन

चोपडा, अमळनेर, पारोळा, यावल किंवा शिरपूरच्या जुन्या पेठेतील सागाच्या खांबांचा, चौकाचा, धाब्याचा (मातीच्या सपाट छताचा) वाडा विकायला निघाला की त्याच्या दोन किमती गावात फिरू लागतात. पहिली किंमत घरातल्या मंडळींच्या मनातली असते आणि तिच्यात नक्षीदार दरवाजा, घराण्याचे नाव आणि चार पिढ्यांचे सणवार धरलेले असतात. दुसरी किंमत दलालाची असते, आणि ती म्हणजे मोकळ्या जागेचा भाव वजा वाडा पाडण्याचा खर्च. व्यवहार बहुधा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी होतो, पण नेमका कुठे होतो हे लाकडावरच्या कोरीवकामापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनातील शंकांवर अधिक अवलंबून असते. वारस किती आहेत, पुढच्या गाळ्यातला भाडेकरू निघेल का, शेजारची भिंत कोणाची, धाबे आणखी किती पावसाळे तग धरेल, या प्रश्नांना कागदावर उत्तर मिळाले नाही की गिऱ्हाईक त्या प्रत्येकाचे पैसे किमतीतून कापतो आणि सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा जास्तच कापतो. म्हणून किंमत सांगण्यापूर्वीची तयारी हाच विक्रीतील सर्वांत कमाईचा भाग आहे, आणि या लेखात अधिक जागा त्या तयारीलाच दिली आहे.

कागद गोळा करणे

शहरात नगर भूमापन झालेले असेल तर सुरुवात मिळकत पत्रिकेपासून करावी. तिच्यावरील सिटी सर्व्हे नंबर, चौरस मीटरमधील क्षेत्र, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे ते) आणि धारकांची नावे पाहावीत. पुष्कळ घरांत पत्रिकेवर अजून पणजोबांचेच नाव असते आणि घरपट्टी मात्र नातवाच्या नावाने येते. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, तो केवळ कर भरल्याचा पुरावा आहे, हे येथेच लक्षात घ्यावे. खेड्यातील वाड्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. तोही मूलतः कर आकारणीचाच उतारा आहे. केंद्राच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर तेथेही आता मिळकत पत्रिका आणि सनद मिळते, आणि ती काढून घेतल्याशिवाय गिऱ्हाईक शोधायला निघू नये.

मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र किंवा न्यायालयाचा हुकूम यांपैकी जे असेल ते शोधावे. जुने दस्त मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, कारण चतुःसीमा, सामाईक भिंत, सांडपाण्याची वाट आणि शेजाऱ्याचा जाण्यायेण्याचा हक्क यांचा उल्लेख बहुधा त्यांतच सापडतो. शोध घेताना जिल्ह्यांच्या नावांकडे लक्ष द्यावे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे आजच्या जळगाव जिल्ह्यातील जुन्या दस्तावर ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असे लिहिलेले असते. नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, म्हणून शहादा किंवा तळोद्याच्या वाड्याचे त्यापूर्वीचे काही कागद धुळ्याला शोधावे लागू शकतात.

यानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. धुळ्याच्या जुन्या शहरात ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात आखलेल्या सरळ गल्ल्यांमुळे हद्दी त्या मानाने सोप्या आहेत. चोपडा, रावेर किंवा एरंडोलच्या वळणावळणाच्या बोळांत मात्र पत्रिकेवरील क्षेत्र आणि प्रत्यक्ष ताबा यांत अनेकदा फरक निघतो. फरक निघाला तर तो आपल्याला आधी कळणे चांगले. शेवटी वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा; सोसायटीचे किंवा पतपेढीचे एखादे जुने, फेडलेले पण कागदावर उतरवायचे राहिलेले कर्ज अशा शोधातच उघड होते.

वारस आणि सह्या

खानदेशात वाड्यांचे व्यवहार अडतात ते बहुतेक येथे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले की, एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच असतो, वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र अबाधित राहते. त्यामुळे ‘बहिणींचे लग्नात झाले’ हे उत्तर गिऱ्हाइकाच्या वकिलापुढे टिकत नाही. वंशावळ लिहून काढावी, तिच्यात आत्या आणि मयत आत्यांची मुलेही धरावीत, आणि मिळकत पत्रिकेवर वारस नोंद करून घ्यावी.

जे वारस आपला हिस्सा सोडण्यास राजी असतील त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचा हक्क सोडताना मुद्रांक नाममात्र लागतो. ज्यांना पैसे हवे आहेत त्यांना हक्कसोडीसाठी गळ घालण्यापेक्षा विक्रीत सहविक्रेते म्हणून घ्यावे आणि किती टक्के कोणाचे हे आधीच लेखी ठरवावे. कोणी सुरतेत, कोणी पुण्यात, कोणी परदेशात असतो. सगळ्यांना एकत्र बसवायचे तर आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) काळ उत्तम, कारण तेव्हा लेकीबाळी माहेरी येतात आणि शाळांना सुट्याही असतात. येऊ न शकणाऱ्यांकडून नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र घ्यावे, पण केवळ कुलमुखत्यारपत्रावर ‘विक्री’ करण्याचा जुना मार्ग धरू नये. अशा कागदाने मालकी जात नाही, हे २०११ पासून न्यायालयाने पक्के केले आहे. अज्ञान (अल्पवयीन) मुलाचा हिस्सा असेल तर न्यायालयाची परवानगी लागेल का, हे वकिलाला आधीच विचारावे.

एखादा भाऊ आपला अविभक्त हिस्सा परस्पर परक्याला विकायला निघाला तर इतर वारसांना दोन आधार आहेत. वर्ग १ च्या, म्हणजे मुले, विधवा, आई अशा पहिल्या फळीच्या वारसांना तो हिस्सा स्वतः घेण्याचा अग्रहक्क असतो, आणि राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्या मंडळींबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही. शिवाय त्या परक्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार घरच्यांना त्याचा हिस्सा विकत घेण्याची मागणी करता येते. म्हणूनच असा सुटा हिस्सा नेहमी मातीमोल जातो, आणि भावाला समजावण्यासाठी हाच मुद्दा सर्वांत उपयोगी पडतो.

भाडेकरू

रस्त्याकडेच्या ओट्यामागे एखादे किराणा दुकान किंवा शिंप्याचा गाळा असतो, आणि त्याचे भाडे कित्येक ठिकाणी आजही चहापाण्याच्या खर्चाइतके असते. शहरी भागात लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार मालक बदलला म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही; नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, एवढेच. पालिकेने इमारत पाडली तरी भाडेहक्क आपोआप संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे ‘वाडा पडू द्या, भाडेकरू आपोआप जाईल’ हा पारावरचा सल्ला मानू नये; तो बेकायदा तर आहेच, शिवाय माणसांच्या जिवावर उठणारा आहे. भाडेकरूशी मोबदला ठरवून ताबा सोडण्याचा लेखी करार करणे कायद्याला मान्य आहे. अनेकदा भाडेकरू स्वतःच सर्वांत चांगला गिऱ्हाईक असतो, निदान आपल्या गाळ्यापुरता. तो राहणारच असेल तर भाडेपावत्या, ताब्यातील क्षेत्र आणि त्याने केलेले फेरफार यांची नोंद तयार ठेवावी.

वाड्याची प्रकृती तपासणे

या पायरीवर मालक सर्वांत कमी खर्च करतात, आणि तोटा मात्र येथेच सर्वांत मोठा होतो. जुन्या मातीच्या आणि लाकडाच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्यावा. केवळ सिमेंट-लोखंडाची सवय असलेला अभियंता पाहताक्षणी ‘पाडा’ म्हणतो, म्हणून माणूस निवडताना त्याने पूर्वी धाब्याची घरे दुरुस्त केली आहेत का, हे विचारावे.

धाब्यापासून सुरुवात करावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकण्याच्या पद्धतीमुळे थरावर थर चढत जातात आणि मूळ कड्यांवर (छताच्या आडव्या लाकडांवर) त्यांना न पेलणारे वजन येते. अशा वेळी तुळई मध्यभागी खाली आलेली दिसते आणि पाहणारा म्हणतो की लाकूड गेले. प्रत्यक्षात लाकूड धड असते आणि जादा माती उतरवली की प्रश्न अर्धा सुटतो. लाकडाची खरी परीक्षा भिंतीत गेलेल्या टोकांशी करावी. कडीचे मधले अंग ठणठणीत आणि भिंतीतील टोक ओलीने कुजलेले, असे फार वेळा आढळते. तेथे टोचा खुपसून पाहावा, खांबाचे बूड दगडी तळखड्यावर कोरडे बसले आहे का ते पाहावे, आणि वाळवीचे मातीचे माग केवळ दिसतात की ताजे आहेत, हे एक माग मोडून दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून ठरवावे.

भिंतींमध्ये दोन दोष मुख्य असतात. पायथ्याशी लोणा (क्षार) लागून माती झडणे हा एक, आणि भिंतीला पोट सुटणे, म्हणजे ती बाहेर फुगणे, हा दुसरा. पहिला दोष बहुधा मोरीच्या गळतीमुळे किंवा नंतर चढवलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे वाढलेला असतो, कारण सिमेंट ओल कोंडून ठेवते आणि ती वरवर चढत जाते. दुसरा दोष मात्र गंभीर समजावा. भेगांच्या बाबतीत घाई करू नये. तापीच्या खोऱ्यातील काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे अशा जमिनीवरील भिंतीची भेग ऋतूनुसार उघडते आणि मिटते. भेगेवर काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे, न तडकली तर भेग जुनी आहे. अंगणातील बुजवलेले पेव (धान्याचा खड्डा), तळघर आणि भिंतीतील बळद (धान्य साठवण्याची पोकळी) यांचीही जागा नकाशावर दाखवावी, कारण पोकळ जमिनीवर नवा खांब उभा करण्याची चूक पुढे महागात पडते.

अहवालात दुरुस्तीचा बाबवार अंदाज असावा आणि त्याचे दोन भाग असावेत: वाडा सुरक्षित होण्यासाठी आवश्यक काम, आणि राहण्याजोगा करण्यासाठीचे काम. पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली असेल तर ती दडवू नये. साध्या तपासणीने गिऱ्हाइकाला न कळणारा पण विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष सांगणे, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याने विक्रेत्याचे कर्तव्यच आहे.

जवळपास राष्ट्रीय संरक्षित स्मारक असेल, उदाहरणार्थ बळसाणे किंवा चांगदेव येथील मंदिरे, तर त्याच्या १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अशा जागेत ‘पाडून इमारत बांधू’ हे गणितच कोसळते, म्हणून हे अंतर आधी मोजावे.

किंमत काढणे

किंमत वाडा पाडणारा गिऱ्हाईक आणि तो दुरुस्त करून जपणारा गिऱ्हाईक अशा दोन बाजूंनी काढावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. पुढील आकडे केवळ पद्धत कळण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, ३० फूट दर्शनी रुंदी आणि ८० फूट खोली असलेला, म्हणजे २,४०० चौरस फुटांचा वाडा आहे आणि त्या पेठेत मोकळ्या जागेचा भाव चौरस फुटाला १,५०० रुपये आहे. ढोबळ किंमत ३६ लाख होते. पण अरुंद बोळात ट्रक येत नाही आणि रस्त्याच्या रुंदीवर बांधकामाची मर्यादा ठरते, म्हणून त्यातून १५ टक्के, म्हणजे ५ लाख ४० हजार वजा केले. उरले ३० लाख ६० हजार. त्यात जुन्या सागाचे आणि घडीव दगडाचे ३ लाख मिळवले, पाडून राडारोडा हलवण्याचे दीड लाख वजा केले, आणि गाळ्यातील भाडेकरूसाठी ४ लाख वजा केले. पाडणाऱ्याची किंमत २८ लाख १० हजार आली. हा आपला तळ. याखाली जाण्याचे कारण नाही.

आता जपणाऱ्याची किंमत पाहू. दुरुस्त झाल्यावर वाड्याचे मोल ५५ लाख धरले. अहवाल नसेल तर गिऱ्हाईक दुरुस्तीला २२ लाख आणि अकल्पित खर्चाला ४ लाख ४० हजार धरतो, भाडेकरूचे ४ लाख कापतो आणि २४ लाख ६० हजारांवर येतो, म्हणजे पाडणाऱ्यापेक्षाही खाली. पण हातात अहवाल असेल आणि त्यात दुरुस्तीचा अंदाज १५ लाख, अकल्पिताला दीड लाख एवढाच असेल, तर तोच हिशेब ३४ लाख ५० हजारांवर जातो. एका अहवालाने जवळजवळ १० लाखांचा फरक पडतो आणि वाडा वाचण्याची शक्यताही निर्माण होते.

मोकळ्या जागेचा भाव ठरवताना ऐकीव आकड्यांवर जाऊ नये. दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून त्याच गल्लीतील अलीकडच्या दस्तांची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा) पाहावी आणि शासनाचा वार्षिक मूल्यदर, म्हणजे रेडी रेकनरही पाहावा. रेकनरमध्ये बांधकामाचा प्रकार आणि वय यांनुसार घसारा मिळतो. दस्तात मातीच्या बांधकामाचा वाडा चुकून पक्क्या बांधकामाचा दाखवला तर मूल्यांकन आणि मुद्रांक दोन्ही नाहक वाढतात. रेकनरची किंमत ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर विक्रेत्याला त्या वाढीव किमतीवर भांडवली नफ्याचा कर बसतो आणि गिऱ्हाइकालाही फरकावर कर लागू शकतो. मोडकळीस आलेल्या वाड्याच्या बाबतीत हे घडण्याचा संभव जास्त, म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल सोबत ठेवावा आणि गरज पडल्यास आयकर विभागाच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करावी.

विकण्यापूर्वी काय दुरुस्त करावे

फार थोडे. गळती थांबवावी, धाब्यावरील झाडझुडूप काढावे, पन्हळी मोकळ्या कराव्यात, झुकलेल्या भिंतीला टेकू द्यावा, उघड्या विजेच्या तारा बंद कराव्यात आणि राडा उचलून चौक मोकळा करावा. सागाला ऑइलपेंट, ओट्याला चकचकीत टाइल्स किंवा भिंतींना सिमेंटचा गिलावा यांवर एक रुपयाही घालवू नये. जाणकार गिऱ्हाईक त्यामागे काय लपवले आहे हेच शोधू लागतो.

वाड्याचे भाग सुटे करून विकण्याचा मोह होतो. नक्षीदार दरवाजा किंवा कमान आधी काढून विकली की मागे उरलेल्या वाड्याला केवळ जागेचा भाव येतो. शिवाय इमारतीपासून सुटी केलेली १०० वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तिची निर्यात करता येत नाही. जुनी हस्तलिखिते आणि मोडी दफ्तर रद्दीत न घालता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला दाखवावे. गुप्तधनाच्या अफवांवर विसंबून जमीन खणू नये. जमिनीत १० रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

देवघर, झोपाळा, जाते, कानबाईच्या पूजेची भांडी यांपैकी काय कुटुंब नेणार आणि काय वाड्याबरोबर जाणार, याची यादी पहिल्या गिऱ्हाइकाला वाडा दाखवण्याआधीच करावी. ही यादी पुढे साठेखताला (विक्रीच्या कराराला) जोडता येते.

गिऱ्हाईक शोधणे आणि व्यवहार करणे

सर्वांत आधी शेजाऱ्याला आणि भाऊबंदांना विचारावे. सामाईक भिंतीपलीकडच्या माणसाला तुमच्या जागेचे मोल इतरांपेक्षा जास्त असते, कारण त्याची रुंदी वाढते. त्यानंतर दवाखाना काढू पाहणारे डॉक्टर, पेढीसाठी जागा शोधणारे व्यापारी, शिक्षणसंस्था आणि बाहेरगावी स्थिरावलेली पण गावाशी नाते ठेवू इच्छिणारी मंडळी येतात. मातीच्या बांधकामावर बँका सहजी कर्ज देत नाहीत, म्हणून स्वतःचा पैसा असलेला गिऱ्हाईकच बहुधा पुढे येतो. कापूस आणि केळीचा पैसा हातात असतो तेव्हा, म्हणजे दिवाळीनंतर आखाजीपर्यंत, मागणी अधिक राहते. दलाल ठेवल्यास टक्केवारी आणि मुदत लेखी ठरवावी. एकाच वाड्याची तीन दलालांनी सांगितलेली तीन किंमतपत्रे बाजारात फिरली की विक्रेता अडचणीत आहे असा समज होतो.

मागणी किंमत जपणाऱ्याच्या हिशेबाच्या थोडी वर ठेवावी आणि तळ फक्त घरात ठेवावा. बोलणे जमले की इसारपावती (आगाऊ रकमेची पावती), मग वर्तमानपत्रात हरकतींसाठी जाहीर नोटीस, मग नोंदणीकृत साठेखत आणि शेवटी खरेदीखत, असा क्रम राखावा. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेऊ नये. पूर्ण रक्कम येईपर्यंत ताबा देऊ नये आणि ‘जसा आहे तसा’ विक्री असल्याचे कलम घालताना अभियंत्याचा अहवाल परिशिष्ट म्हणून जोडावा, म्हणजे नंतर दोषाची तक्रार उभी राहत नाही. मुद्रांक शुल्काचा दर महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामीण हद्द यांनुसार बदलतो. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार रुपये असते. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर गिऱ्हाइकाने १ टक्का कर कापून भरायचा असतो; विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याचा नियम वेगळा आणि कपात बरीच मोठी असते.

वडिलोपार्जित वाड्याची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या दिवसाच्या रेकनर मूल्याहून जास्त नसावे. हे मूल्यांकन वाडा उभा असतानाच करून घ्यावे. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या मिळकतीसाठी निवासी व्यक्तीला १२.५ टक्के सरळ किंवा महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यांतील कमी पडणारा कर भरता येतो, आणि प्रत्येक वारसाचा हिशेब स्वतंत्र होतो. दुसरे घर घेण्याचा विचार असेल पण विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत ते झाले नसेल, तर रक्कम भांडवली नफा खात्यात त्या मुदतीपूर्वी जमा करावी. ताबा देताना वीज आणि नळाची शेवटची बिले भरून मीटरचे आकडे ताबापावतीवर लिहावेत, आणि मिळकत पत्रिकेवर नव्या मालकाचे नाव लागल्याचा उतारा हाती आल्यावरच आपली फाइल बंद करावी.